एकसारखी अक्षरं शेजारी नकोत : माझा ग्रीडी कुठे माती खातो?

झोपाळू_कीडा · शुक्रवार, रात्री ११:४७

मंडळी, काल एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट दिली (नाव विचारू नका, निकाल यायचाय). दुसरा प्रश्न असा होता : एक स्ट्रिंग दिली आहे, लांबी ५०० पर्यंत. तिच्यातली अक्षरं अशी मांडा की कुठलीही दोन सारखी अक्षरं शेजारी येणार नाहीत. जमत नसेल तर रिकामी स्ट्रिंग परत करा. एकापेक्षा जास्त उत्तरं असतील तर कुठलंही चालेल.

मला वाटलं, सोपं आहे, सरळ ग्रीडी. अक्षरं मोजली, मग डावीकडून भरत गेलो. प्रत्येक जागी वर्णक्रमाने पहिलं असं अक्षर घ्यायचं जे शिल्लक आहे आणि मागच्यापेक्षा वेगळं आहे. असं अक्षर मिळालं नाही की 'जमत नाही' म्हणून रिकामं परत. दाखवलेल्या चाचण्या सगळ्या पास झाल्या. लपवलेल्या १२ पैकी ५ नापास. वेळ संपली.

आता दोन प्रश्न. माझं नक्की काय चुकलं? आणि ग्रीडी चालणार की नाही हे आधी ओळखायचं कसं? कॉलेजात 'ग्रीडी म्हणजे त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसेल ते घ्या' एवढंच शिकवलं. चांगलं म्हणजे काय ते सांगायचं राहून गेलं.

---

तिरकी_रेघ · शनिवार, सकाळी ७:०५

ककखखगगगग हे तुमच्या पद्धतीने हाताने करून बघा. क, ख, क, ख, ग... आणि हातात तीन ग. तुमचा प्रोग्रॅम म्हणणार 'जमत नाही'. प्रत्यक्षात गकगकगखगख होतंय की.

---

चकलीचा_सोऱ्या · शनिवार, सकाळी ७:३१

थोडक्यात, स्वस्त भाज्या आधी खपवल्या आणि शेवटी टोपलीत फक्त दोडका राहिला.

---

झोपाळू_कीडा · शनिवार, सकाळी ८:१०

@तिरकी_रेघ अरे देवा. एवढ्या छोट्या उदाहरणात पडतंय आणि मी पाऊण तास कंस तपासत बसलो होतो. दोडक्याबद्दल अनुमोदन.

---

शून्य_आधारित · शनिवार, सकाळी ९:२२

पहिल्यांदा हे पाहू की उत्तर केव्हा अशक्य असतं. कोरोनाच्या काळात नाट्यगृहांत एक सोडून एक खुर्ची होती, आठवतंय? ७ खुर्च्यांच्या रांगेत जास्तीत जास्त ४ माणसं बसू शकत. ८ खुर्च्या असल्या तरी ४च. म्हणजे कुठलंही एक अक्षर एनच्या (म्हणजे एकूण अक्षरांच्या) निम्म्याहून (एन विषम असेल तर वर ओढून) जास्त वेळा आलं तर कुठे ना कुठे दोन चिकटणारच. कबुतरखाना तत्त्व. (दादरचा नव्हे, गणितातला.)

आता गंमत अशी की एवढी एकच अट पुरेशी आहे. ती पाळली गेली असेल तर मांडणी हमखास होते, आणि ती करूनच दाखवता येते. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या अक्षराला दादा म्हणू. मोबाईलवरून लिहितोय म्हणून कोड मराठीतच :

दादाची संख्या > (एन + १) / २ असेल तर रिकामी स्ट्रिंग परत
जागा = ०
आधी दादा, मग बाकीची अक्षरं एकेक करून :
    त्या अक्षराच्या प्रत्येक प्रतीसाठी :
        उत्तर[जागा] = अक्षर
        जागा = जागा + २
        जागा >= एन झाली तर जागा = १

म्हणजे ०, २, ४, ६ अशा सम जागा भरत जायचं, संपल्या की वळसा घालून १, ३, ५. हीप (सगळ्यात मोठं कायम वर ठेवणारी रचना) नको, काही नको. एका फेरीत मोजणी, एका फेरीत भरणी.

---

कंसातला_माणूस · शनिवार, सकाळी १०:०२

एक सोडून एकच भरायचं असेल तर दादाला आधी मान कशाला? कुठल्याही क्रमाने भरा, सारखी अक्षरं लांबच पडणार. उगाच जास्तीत जास्त शोधायचा खर्च.

---

तिरकी_रेघ · शनिवार, सकाळी १०:०९

कखख. क गेला ० वर, ख गेला २ वर, उरलेला ख १ वर. झालं : कखख. तीन अक्षरांत धाडकन.

---

कंसातला_माणूस · शनिवार, सकाळी १०:११

प्रतिसाद मागे घेतो. चहा घेऊन येतो.

---

एकारांत · शनिवार, सकाळी १०:५०

@शून्य_आधारित पण मग बाकीच्यांचं काय? दादा पहिला हे पटलं. दुसऱ्या नंबरचं अक्षर दुसरं, तिसऱ्याचं तिसरं असं सगळं सॉर्ट करायला नको? वळसा घालताना एखादं अक्षर स्वतःवरच आदळेल अशी भीती वाटते.

---

शून्य_आधारित · शनिवार, सकाळी ११:३५

चांगला प्रश्न. नको सॉर्ट करायला. मीही बरीच वर्षं सॉर्ट करत होतो, एकदा एका ज्युनिअरने 'का?' विचारलं तेव्हा बसून लिहून काढलं.

दादानंतर फार तर एकच अक्षर असं असतं जे सम जागांच्या शेपटाला सुरू होतं आणि वळसा घालून विषम जागांच्या तोंडाशी संपतं. समजा त्याची सुरुवातीची प्रत २४ व्या जागी बसली. त्याची स्वतःशी गाठ पडायची तर विषम बाजूने चालत त्याला २३ पर्यंत यावं लागेल. म्हणजे २४ पासून शेवटपर्यंतच्या सम जागा अधिक १ ते २३ च्या विषम जागा. मोजून बघा, हा आकडा एकूण सम जागांइतका भरतो. तेवढ्या प्रती त्या अक्षराच्या हव्यात. पण दादाच्या प्रती त्याच्याहून कमी नाहीत. दोघांचे मिळून एनपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, म्हणजे दोघं नेमके निम्मे निम्मे असायला हवेत. आणि तसं असेल तर सम जागा सगळ्या दादानेच खाल्ल्या, हा बिचारा सुरूच १ पासून होतो. वळशाचा प्रश्नच मिटला.

एक पथ्य मात्र आहे : एका अक्षराच्या सगळ्या प्रती सलग भरायच्या. मूळ स्ट्रिंगच्या क्रमाने एकेक उचलून टाकलीत तर काहीही होईल.

---

झोपाळू_कीडा · शनिवार, दुपारी १२:१४

हे 'त्या क्षणी सगळ्यात चांगलं' वगैरे काही नाहीच वाटत. इथे तर ज्याची अडचण मोठी त्याला आधी जागा दिली.

---

मास्तर_निवृत्त · शनिवार, दुपारी २:४०

मला कोडिंग येत नाही, मुलाने हा धागा दाखवला. पण हा प्रश्न मी ३१ वर्षं सोडवला आहे. शाळेचं वेळापत्रक.

पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी सातवीचं वेळापत्रक माझ्या गळ्यात मारलं. पुठ्ठ्यावर चौकटी आखलेल्या, विषयांच्या रंगीत चिठ्ठ्या, टाचण्या. मी उत्साहाने सुरुवात केली चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांपासून, कारण ते कमी तासिकांचे, पटकन लागतात. मजेत चिठ्ठ्या लागत गेल्या. शेवटी हातात गणिताच्या चार चिठ्ठ्या आणि मोकळ्या चौकटी कुठे? शनिवारी. सकाळची अर्धी शाळा, त्यात लागोपाठ गणित. मुलांनी मला फाडून खाल्लं असतं.

आमच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी सगळ्या टाचण्या उपटल्या आणि म्हणाल्या, "अहो, गणित आणि इंग्रजी आधी पसरा. चित्रकला काय, फटीत मावते." पुढची तीस वर्षं तेच केलं. तुमचा दादा म्हणजे आमचं गणित.

अर्थात खऱ्या वेळापत्रकात एवढ्यावर भागत नाही. गणिताचे सर एकच आणि सातवी अ, ब, क तीन तुकड्या. मग कुणाची तरी चिठ्ठी काढून दुसरीकडे लावावी लागते, ती लावली की तिसरी सुटते.

---

बोस्टनची_बखर · शनिवार, दुपारी ३:३३

@मास्तर_निवृत्त सर, दंडवत. आणि तुमचा शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे. शिक्षक, तुकड्या, खोल्या सगळं आलं की तो प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे पटकन आणि हमखास सोडवायची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. मागे वळून चिठ्ठी काढणं म्हणजेच बॅकट्रॅकिंग. तुम्ही ते पुठ्ठ्यावर करत होतात.

---

चकलीचा_सोऱ्या · शनिवार, दुपारी ३:५०

अवांतर : ग्रीडीला मराठीत काय म्हणायचं? लोभी? हावरट? अधाशी?

---

एकारांत · शनिवार, दुपारी ४:०२

लोभी साठवतो, अधाशी गिळतो. हा अल्गोरिदम गिळतो आणि ताटाकडे परत बघत नाही. म्हणून अधाशी.

---

चकलीचा_सोऱ्या · शनिवार, दुपारी ४:०५

पण वरचा दादावाला अधाशी नाही. तो पंगतीत 'तुम्ही आधी बसा, तुमचं खटलं मोठं' म्हणणारा आहे. यजमान अल्गोरिदम!

---

पावली_आठ_आणे · शनिवार, सायंकाळी ५:२०

ज्येष्ठ नागरिकाकडून थोडी चिल्लर.

ग्रीडी म्हटलं की पुस्तकांत नाण्यांचं उदाहरण असतं : मोठ्यात मोठं नाणं आधी द्या, कमीत कमी नाण्यांत हिशेब होतो. आजच्या १, २, ५, १०, २० रुपयांत ते बरोबर बसतं. न चालणारं उदाहरण म्हणून १, ३, ४ अशी काल्पनिक नाणी देतात. काल्पनिक कशाला? आमच्या खिशात होतं की. एकेकाळी २५ पैशांची पावली आणि २० पैशांचं षटकोनी ॲल्युमिनियमचं नाणं दोन्ही चालायची. ४० पैसे द्या बघू. अधाशी माणूस देणार २५ + १० + ५, तीन नाणी. शहाणा देणार २० + २०, दोन.

३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. म्हणजे सरकारने नकळत ग्रीडी अल्गोरिदम दुरुस्त केला असं म्हणायला हरकत नाही.

---

तिरकी_रेघ · शनिवार, सायंकाळी ५:२८

हे उदाहरण मी उद्याच्या लेक्चरला ढापणार आहे. आगाऊ क्षमा.

---

कंसातला_माणूस · शनिवार, सायंकाळी ६:१५

चहा झाला. कखखने झालेला अपमान गिळून हीपची रीत लिहितो, कारण मुलाखतीत बहुतेक तीच अपेक्षित असते.

प्रत्येक पावलाला शिल्लक सगळ्यात जास्त असलेलं अक्षर घ्या, फक्त आत्ताच वापरलेलं सोडून. अंमलबजावणीत : हीपमधून वरचं काढा, लिहा, त्याची संख्या एकने कमी करा, पण लगेच परत टाकू नका, एक पाऊल बाजूला धरून ठेवा. पुढचं अक्षर लिहून झालं की आधीचं हीपमध्ये परत. पायथनवाल्यांनो, तुमचा हीपक्यू लहानात लहान वर ठेवतो, म्हणून संख्या उणे करून टाका. मी हे दर वेळी विसरतो आणि दर वेळी अर्धा तास जातो.

हीपचा फायदा पुढे कळतो. 'शेजारी नको'ऐवजी 'के जागांच्या आत नको' अशी अट आली की सम-विषमची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. हीपमध्ये फक्त एकाऐवजी के पावलं बाजूला धरायची, एक रांग ठेवली की झालं.

---

बोस्टनची_बखर · शनिवार, रात्री ९:४८

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलं नाही : ग्रीडी चालणार हे ओळखायचं कसं. मी जीवशास्त्राच्या बाजूने आलेली, डीएनएचे तुकडे जोडणं हे आमचं काम. तिथे स्ट्रिंगांचाच प्रश्न आहे, पण ग्रीडी फसतो.

तुकडे दिलेत, सगळे ज्यात सापडतील अशी लहानात लहान स्ट्रिंग बनवा. सहज सुचणारा ग्रीडी : ज्या दोन तुकड्यांचं एकमेकांवर सगळ्यात जास्त ओव्हरलॅप त्यांना आधी जोडा. हे तीन तुकडे घ्या :

गकखकख
खकखक
कखकखग

पहिला आणि तिसरा चार अक्षरांनी जुळतात, मिळून गकखकखग. मग खकखक कशालाच चिकटत नाही, नुसता शेपटाला लावायचा. लांबी १०. उलट, मधला तुकडा मध्येच ठेवला तर दोन्ही बाजूंना तीन-तीनच अक्षरं जुळतात, पण बनतं गकखकखकखग. लांबी ८. पहिल्या घासाला चार मिळाले म्हणून खुश झालो आणि पुढचे तीन अधिक तीन घालवले.

मी स्वतःला विचारते तो प्रश्न असा. समजा कुणाकडे खरं सर्वोत्तम उत्तर आहे आणि त्याचं पहिलं पाऊल माझ्यासारखं नाही. त्याच्या उत्तरात थोडी अदलाबदल करून माझं पाऊल घुसवता येतं का, उत्तर न बिघडवता? आलं तर ग्रीडी टिकतो. इथे पहिला-तिसरा जोडून टाकले की मधल्याला घुसायला फटच राहत नाही, त्यामुळे अदलाबदल अशक्य. तुमच्या प्रश्नात मात्र दादाला पहिली जागा दिल्याने कुणाचंच दार बंद होत नाही.

---

झोपाळू_कीडा · शनिवार, रात्री १०:३०

वाचनखूण साठवली. हे कॉलेजात एका तासात सांगितलं असतं तर...

---

चकलीचा_सोऱ्या · रविवार, सकाळी ९:१५

मी नॉन-आयटी. पण हौसेने शून्य_आधारित यांचा कोड भाच्याकडून पायथनमध्ये करून घेतला आणि इनपुट दिलं 'मामाबाबा'. उत्तर आलं ते असं : 'ामामाबाब'. सुरुवातीला लटकता काना, त्यापुढे मामा शेजारी-शेजारी, आणि प्रोग्रॅम म्हणतोय सगळं ठीक. दादा कोण झालाय हे कळलंच नाही.

---

एकारांत · रविवार, सकाळी ९:४४

दादा काना झालाय!! 😂

पायथनला 'मामाबाबा' म्हणजे चार अक्षरं नाहीत, आठ कोडपॉइंट आहेत : म, काना, म, काना, ब, काना, ब, काना. काना चार वेळा, आठात चार, म्हणजे नेमका निम्मा. अट पाळली. काना बसला ०, २, ४, ६ वर आणि म-ब विषम जागी. यंत्राच्या नजरेने कुठलेही दोन सारखे शेजारी नाहीत. आपल्या डोळ्यांना मात्र मामा दिसतो.

मी फॉन्ट आणि कीबोर्डच्या कामात असते, हा घोळ रोजचा आहे. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर. कोडपॉइंट मोजले तर सहा : स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. आधी स्ट्रिंगचे अक्षरागणिक तुकडे करायचे (युनिकोडच्या भाषेत ग्राफीम क्लस्टर), आणि मग त्या तुकड्यांवर अल्गोरिदम चालवायचा. त्यातही गोम आहे : २०२३ च्या युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे, 'क्षि'चे दोन तुकडे व्हायचे. म्हणून लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे ते बघून घ्या.

---

चकलीचा_सोऱ्या · रविवार, सकाळी १०:०१

भाच्याने तुकडे करून दिले. 'मा बा मा बा'. आता झोप लागेल.

---

पावली_आठ_आणे · रविवार, सकाळी १०:२०

म्हणजे 'चिमा काय कामाची' संगणकाला उलट वाचायला दिलं तर तो नापास करेल?

---

एकारांत · रविवार, सकाळी १०:२६

करेल. कोडपॉइंट उलटे केले तर ईकार 'च'च्या आधी येतो. आणि अक्षरागणिक तुकडे केले तरी पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. आपण लहानपणापासून तिला सवलत देत आलोय.

---

झोपाळू_कीडा · मंगळवार, रात्री ११:१९

धागा वर आणतोय. निकाल आला, त्या टेस्टमध्ये बाहेर. पण दुसरीकडे आज मुलाखत झाली आणि विश्वास ठेवा, हाच प्रश्न. सम-विषमवाली मांडणी फळ्यावर लिहिली, 'दादा आधी का' यावर कखखचं उदाहरण दिलं. समोरच्या मॅडम खुश. मग म्हणाल्या, "आता शक्य त्या सगळ्या मांडण्यांतली वर्णक्रमाने पहिली येणारी द्या."

म्हणजे माझा पहिल्या दिवशीचा चुकीचा ग्रीडीच की! दहा मिनिटं गप्प बसलो. मग असं सुचलं : डावीकडूनच भरायचं, वर्णक्रमाने लहानात लहान अक्षर घ्यायचं, पण घेण्यापूर्वी विचारायचं की हे घेतलं तर उरलेल्यांचं जमेल का. उरलेल्या जागा एम असतील तर कुठलंही अक्षर एमच्या निम्म्याहून (वर ओढून) जास्त नको. आणि आत्ता ठेवलेलं अक्षर एमच्या निम्म्याहून (खाली ओढून) जास्त नको, कारण पुढच्या जागी त्याला बंदी आहे. ककखखगगगगवर हाताने चालवलं : कगकगखगखग. तिथे पास झालं. बरोबर आहे ना?

---

शून्य_आधारित · मंगळवार, रात्री ११:४१

बरोबर आहे. २६ अक्षरांत प्रत्येक जागी फार तर २६ वेळा ही तपासणी, ५०० लांबीला काहीच नाही. पहिल्या दिवशीचा तुमचा ग्रीडी टाकाऊ नव्हता, त्याला फक्त पुढचं बघायला शिकवायला हवं होतं.

---

तिरकी_रेघ · मंगळवार, रात्री ११:४४

कखख देऊन पाहिलं का?

---

झोपाळू_कीडा · मंगळवार, रात्री ११:५२

दिलं. क घेऊ का? उरल्या जागा २, त्यात ख दोन, निम्म्याहून जास्त. नको. ख घेऊ? उरला एक क, एक ख. चालतंय. खकख. 🙏

---

मास्तर_निवृत्त · बुधवार, सकाळी ६:३०

अभिनंदन. मुलाखतीचा निकाल कधी?